लाल ठिपक्याच्या तिसऱ्या

शिवोलीच्या पुलाखाली ओहोटी लागली
की नदी आपला तळ उघडा टाकते.
तिथे गुडघाभर गाळात उभी राहून
मी चारशे तिसऱ्या पंचाने पुसल्या,
एकेकीच्या पाठीवर
लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.
(बाटली म्हापशाची, नव्वद रुपये;
बिलात तिचं नाव 'खूण करण्याचे द्रव्य'.)
ठिपके वाळले,
मुठीमुठीने परत पाण्यात.

कृती सोपी.
पंधरा दिवसांनी पुन्हा पकडायच्या
आणि बघायचं, ओळखीच्या किती भेटतात.
कमी भेटल्या तर वस्ती दाट,
सारख्या भेटू लागल्या
तर गाव ओसरत चाललंय.
एक गुणाकार, एक भागाकार.
नदी उपसावी लागत नाही.

गृहीतकं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती:
ठिपका पुसला जात नाही.
ठिपक्याने कोणी मरत नाही.
ठिपकेवाली आणि बिनठिपक्याची
गाळाला सारखी, हाताला सारखी.

हाताला.
तो कोणाचा, हे लिहिलं नव्हतं.

पुढच्या उधाणाच्या ओहोटीला
बायकांच्या पाट्या मोजल्या, सहाशे वीस.
ठिपके पाच.
चारशे गुणिले सहाशे वीस, भागिले पाच:
एकोणपन्नास हजार सहाशे.
पाच ठिपक्यांवर उभा आकडा डुलतो,
हे मी तळाशी बारीक अक्षरात टाकलं.
बारीक अक्षर कोण वाचतं,
मी तरी गाडीच्या कर्जाचं कुठे वाचलंय.
पणजीचे साहेब फोनवर म्हणाले,
म्हणजे बंदी नको या वर्षी. छान.

क्वितेरिया पाटी विसळत होती.
सहज म्हणाली,
तुझ्या पुष्कळ सापडल्या गो,
सगळ्या परत सोडल्या.
'तुजें तें तुजें.'
रुक्मीनेही सोडल्या. तिची सूनही.
पोराने दोन खिशात घातल्या
तर त्याला धपाटा दिला.

किती सोडल्या?
आम्ही थोड्याच मोजतो?
वीस असतील.

मी तिथेच, पुलाच्या खांबाला वही टेकवून,
वीस मिळवले.
पंचवीस ठिपके, सहाशे चाळीस तिसऱ्या.
दहा हजार दोनशे चाळीस.
एकोणचाळीस हजारांवर तिसऱ्या
कधी नव्हत्याच.
त्या या बायकांच्या सभ्यपणातून जन्मल्या होत्या,
कागदावर पोहल्या होत्या,
पणजीपर्यंत गेल्या होत्या.

मी समजावून सांगितलं.
क्वितेरियाने ऐकलं, पदराला हात पुसले.
म्हणजे मी चोरल्या असत्या
तर तुझं गणित बरोबर आलं असतं?

होय, म्हणाले.
दुसरं काही म्हणता येईना.

ती बराच वेळ हसली,
रुक्मीला ओरडून सांगितलं,
रुक्मीही पलीकडच्या वाळूवरून हसली.
मग एकदम गप्प होऊन म्हणाली,
मला विचारायचंस ना.
माझ्या लग्नाच्या साली
इथे पाय टाकला की टाचेला टोचायच्या,
फडकं बांधून उतरायचो.
आता चालता येतं.

वहीत यासाठी रकाना नव्हता.
मी चपला काढून हातात घेतल्या,
पाणी कमरेला लागेपर्यंत गेले.
गाळ मऊ होता, थंड,
बोटांमधून वर येणारा.
एक काच टोचली.
तिसरी एकही नाही.

रात्री साहेबांना पत्र लिहिलं: आकडा मागे घेत आहे.
कारण या ओळीपुढे
बराच वेळ काही सुचलं नाही.
'नमुन्यात प्रामाणिकपणामुळे दोष' असं लिहिलं, खोडलं.
'मी विचारलं नव्हतं' असं लिहिलं.
ते तसंच ठेवलं.

अमावास्येला पुन्हा चारशे ठिपके.
क्वितेरिया म्हणते, या वेळी रंग ती निवडणार,
आणि सापडेल ती प्रत्येक तिसरी
अगदी निर्लज्जपणे
माझ्यासमोर आणून ओतणार.